आयोवातली सकाळ

शुभ्राच्या खोलीत खिडकीच्या पडद्यामागे जो दिवा लावला होता, त्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन असं छापलेलं होतं. म्हणजे साधारण ढगाळ दिवसाचा उजेड. त्याआधी आणलेला दिवा ४००० केल्विनचा होता. त्याने कॅमेऱ्यात पडदा पिवळसर दिसायचा, संध्याकाळ झाल्यासारखा. मी दोन्ही दिवे लावून फोटो काढले, शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि ६५०० चा दिवा पक्का केला. दिवा आणि पडदा यांच्यात बेचाळीस सेंटिमीटर अंतर लागतं. त्याहून जवळ आणला तर कापडावर गोल डाग उमटतो आणि हा दिवा आहे हे ओळखू येतं.

हे सगळं मी केलं. माझे पती चारुदत्त यांचं म्हणणं फक्त एवढंच होतं, की व्हिडिओ कॉलच्या वेळी पडदा बंद असावा.

शुभ्रा आमची एकुलती एक मुलगी, वय वीस. इथे शारजातल्या विद्यापीठात बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला होती. ऑगस्टमध्ये ती एक्स्चेंज स्टुडंट म्हणून वर्षभरासाठी अमेरिकेत गेली, आयोवा राज्यातल्या एका लहान विद्यापीठात. सगळे मिळून एकोणीसशे विद्यार्थी. गावात एक सिग्नल, एक सिनेमाघर, तेही शनिवार-रविवारी चालणारं. सत्तावीस ऑक्टोबरला ती परत आली. तेव्हापासून ती अल मजाजला, आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होती, आणि हे आम्हा तिघांशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. पुण्यातले नातेवाईक, इथल्या मराठी मंडळातली माणसं, खालच्या मजल्यावरची दोन मराठी कुटुंबं, सगळ्यांच्या लेखी ती आयोवातच होती. आयोवा आपल्या दहा तास मागे आहे. आमच्याकडे संध्याकाळ होते तेव्हा तिथे सकाळ असते. म्हणून दिवा.

खोटं बोलायचं असं आम्ही बसून ठरवलं नव्हतं. विमानतळावर ती बाहेर आली, तेव्हा चारुदत्त तिला म्हणाले, मास्क लाव, कोणीतरी ओळखीचं भेटेल. तिने लावला. पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर म्हणाले, दोन-चार दिवस कोणाला काही सांगायला नको, जरा सावरू दे. मलाही ते बरोबर वाटलं. चौथ्या दिवशी पुण्याहून माझ्या नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. दिवाळी होती, आणि शुभ्राने पलंगावर बसून आत्याला सांगितलं की इथे थंडी सुरू झाली आहे.

तिथे काय झालं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. वाईट असं काही झालं नाही. कोणी तिला त्रास दिला नाही, कोणी अपमान केला नाही. तिची रूममेट शुक्रवारी दुपारी आपल्या घरी जायची आणि सोमवारी सकाळी यायची. मेसमध्ये ताट घेतल्यावर कोणत्या टेबलावर बसायचं ते दर वेळी ठरवावं लागायचं, म्हणून शुभ्राने मेसमध्ये जाणं सोडलं. मग वर्ग सोडले. तिला माझ्यासारखी मोजायची सवय आहे. दिवसभरात आपण मोठ्याने किती शब्द बोललो, हे ती वहीच्या मागच्या पानावर लिहीत होती. एका दिवसाचा आकडा अकरा होता. एका दिवसाचा शून्य. एकोणीस दिवस ती खोलीबाहेर पडली नाही. शेवटी वसतिगृह सांभाळणाऱ्या मुलीने दार उघडायला लावलं आणि तिला हेल्थ सेंटरला नेलं. जाताना तिचं वजन एक्कावन्न किलो होतं, तिथे चव्वेचाळीस भरलं.

तिथून तिने मला फोन केला. एवढंच म्हणाली, "आई, आय कान्ट." मी म्हटलं, "ये." या सगळ्यात मी बरोबर बोलले असेन तर तो हा एक शब्द.

मी शारजा औद्योगिक क्षेत्रात पाण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करते. टाक्यांचं, बाटल्यांचं, कारखान्यांतलं पाणी आमच्याकडे तपासायला येतं. एकोणीस वर्षं करते आहे. नमुना बिघडलेला आला तर आम्ही कारण शोधतो, आणि बहुतेक वेळा ते सापडतं: बाटली नीट धुतलेली नव्हती, नमुना उन्हात राहिला होता. शुभ्राच्या बाबतीत मी रोज कारण शोधत होते. मला वाटायचं, ते सापडलं की पुढचं सोपं होईल. तिला मी इतक्यांदा विचारलं, की शेवटी ती माझ्यासाठी कारणं तयार करून द्यायला लागली. एक दिवस जेवण, एक दिवस अभ्यास, एक दिवस थंडी. मी ऐकून घ्यायचे आणि मनात एकेक खोडायचे.

घरात तिचे काही नियम झाले होते. कोणीच ते सांगितले नव्हते. दाराची बेल वाजली की ती आपल्या खोलीत जायची. लिफ्ट वापरायची नाही. बाल्कनीत जायचं नाही, कारण समोरच्या टॉवरमध्ये चारुदत्तच्या ऑफिसमधले एक जण राहतात. बाहेर जायचं ते पहाटे साडेपाचला, टोपी आणि मास्क लावून, माझ्याबरोबर चौदा मजले जिन्याने उतरून. खालिद लगूनच्या पाण्याच्या कडेने आम्ही एक फेरी मारायचो. समोरून कोणी येताना दिसलं की ती माझ्या मागे व्हायची. एकदा पळायला आलेला एक माणूस हसून गुड मॉर्निंग म्हणाला आणि पुढे गेला. शुभ्रा बराच वेळ त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, "ही सॉ मी." मी म्हटलं, घाबरू नकोस, तो आपला नाही. ती घाबरली नव्हती, तिला बरं वाटलं होतं, हे मला घरी आल्यावर कळलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला दुबईतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. विमा वापरला नाही. कागद ऑफिसच्या एचआरकडे जातात असं चारुदत्तना वाटत होतं. डॉक्टर दक्षिणेकडच्या होत्या, हिंदीत बोलत होत्या. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला वेगळं बसवून सांगितलं, की तिला परत पाठवायची तारीख ठरवू नका, आत्ता तरी नाही. आणि घरात कोंडून ठेवू नका, माणसांत राहू द्या. चारुदत्त मान हलवत होते. पुढच्या सोमवारी त्यांनी नऊ जानेवारीचं तिकीट काढलं.

मी त्यांना विचारलं नाही. ते वाईट माणूस नाहीत, हे लिहायला हवं. ते मुलीच्या उशाशी बसून तिला संत्री सोलून देत. फक्त त्यांच्या मते हा शिक्षणात पडलेला एक खंड होता, आणि ती जानेवारीत गेली की तो भरून निघणार होता. मग आपण कोणाशीच खोटं बोललो असं होणार नाही, असं ते मला एकदा म्हणाले. त्यांनी ते इतकं शांतपणे समजावून सांगितलं, की मला क्षणभर पटलं.

आयोवातल्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागातल्या बाई दर आठवड्याला मेल लिहीत. याच बाई तिला अडीच तास गाडी चालवून विमानतळावर सोडायला आल्या होत्या. शुभ्राला पुढच्या सत्राला यायचं असेल तर तिचे नवीन कागद करावे लागतील, म्हणून पंधरा डिसेंबरपर्यंत हो की नाही ते कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. शुभ्राने तो मेल मला पाठवला आणि विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, बाबांशी बोलते. रोज ऑफिसला जाताना मी गाडीत चारुदत्तना सांगायचं वाक्य जुळवायचे. सिग्नलला ते पूर्ण व्हायचं. संध्याकाळी घरी आल्यावर मी पोळ्या करायचे.

मग कुमुदताईंचा फोन आला.

कुमुदताई दुबईत अल कुसैसला डब्यांचा आणि केटरिंगचा धंदा करतात. वय सदुसष्ट, मंडळातलं कोणतंही कार्य त्यांच्या वड्यांशिवाय होत नाही. त्यांची नात ऋता बारावीला आहे. शुभ्राचं पाहून तिनेही त्याच विद्यापीठात जायचं ठरवलं होतं, आणि एक्स्चेंजवर नाही, पूर्ण चार वर्षांसाठी. चारुदत्त मंडळाचे सेक्रेटरी. कुमुदताईंनी त्यांना सांगितलं, की डिसेंबरच्या चौदा तारखेला शनिवारी मुलांसाठी परदेशी शिक्षणाचा कार्यक्रम ठेवू, आणि शुभ्राला तिथून लाइव्ह बोलायला लावू. वीसच मिनिटं. पोरीला आपण जुलैत शाल-श्रीफळ दिलं, आता तिने वसूल करून द्यायला नको का, असं म्हणून त्या हसल्या. फोन स्पीकरवर होता. शुभ्रा समोर बसून भात कालवत होती.

चारुदत्त म्हणाले, "हो हो, का नाही. विचारतो तिला." फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"ओके," शुभ्रा म्हणाली.

तिने का हो म्हटलं, हे मी तिला विचारलं नाही. मी तक्ता केला. चौदा डिसेंबरला त्या गावात सूर्य सात वाजून अठ्ठावीस मिनिटांनी उगवतो, म्हणजे आमचे पाच अठ्ठावीस. कार्यक्रम सव्वापाचला सुरू होणार, तेव्हा तिथे अजून पुरतं उजाडलेलं नसणार. म्हणून सुरुवातीला टेबलावरचा दिवा चालू आणि पडद्यामागचा अगदी मंद. दर तीन मिनिटांनी थोडा थोडा वाढवायचा. मी दिव्याला मंद-तेज करायचं बटण लावलं आणि ते टेबलाखाली, तिच्या डाव्या हाताशी चिकटवलं. आम्ही दोनदा सराव केला. दुसऱ्या सरावात तिने एकही पायरी चुकवली नाही. मी तिला शाबास म्हटलं.

शनिवारी चार वाजता आम्ही दोघं निघालो. तिने विद्यापीठाचं नाव असलेला जाड स्वेटशर्ट घातला होता. दार लावताना मी तिला पाणी जवळ ठेवायला सांगितलं.

कार्यक्रम अल कुसैसमधल्या एका रेस्टॉरंटच्या वरच्या हॉलमध्ये होता. पन्नासेक माणसं, त्यांत पंधरा-सोळा मुलं. वडे आणि चहा आधीच फिरत होते. टीव्हीचा मोठा पडदा लॅपटॉपला जोडलेला होता. माइक आणि लॅपटॉप रुपेश सांभाळत होता. हा तरुण मंडळाची सगळी यंत्रं बघतो. मी दुसऱ्या रांगेत बसले. माझ्या शेजारी कुमुदताई, त्यांच्या पलीकडे ऋता, मांडीवर वही घेऊन.

पाच अठराला शुभ्रा पडद्यावर आली. टाळ्या झाल्या. चेहरा नीट दिसत होता, मागचा पडदा राखाडी होता. मला पहिल्यांदा समाधान वाटलं, ते उजेडाबद्दल. मग तिच्याबद्दल काही वाटायच्या आत ती बोलायला लागली.

ती चांगलं बोलली. लहान वर्ग, प्रोफेसर नावाने हाक मारू देतात, लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असते. ती सप्टेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांबद्दल बोलत होती. तेवढेच तिच्याकडे होते. ते तिने इतके जपून, पातळ करून वापरले, की ते चार महिन्यांना पुरले. मागचा पडदा हळूहळू उजळत होता. कुमुदताईंनी मला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "बघ गं, उजाडलं तिकडे. मला तर बाई अंगावर काटाच आला."

मी हो म्हटलं.

मग प्रश्न सुरू झाले. एका मुलाने शाकाहारी जेवणाचं विचारलं, एका वडिलांनी पार्टटाइम कामाचं. चारुदत्त मध्येमध्ये आकडे देत होते, डॉलर, मग दिरहॅम, मग रुपये. ऋताने हात वर केला. रुपेशने तिला माइक दिला.

"शुभ्रादी, डू यू गेट लोनली?"

दोन-तीन आया हसल्या. शुभ्रा हसली नाही. ती चार सेकंद गप्प होती. मी मोजले.

"यू गेट यूज्ड टू इट," ती म्हणाली.

ऋताने ते लिहून घेतलं. तेवढ्यात बाहेर मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली.

इथे कार्यक्रम चालू असताना अजान झाली की आम्ही थांबतो. गणपतीतही आरती थांबते. कोणी सांगावं लागत नाही. रुपेशने माइक बंद केला, चारुदत्तनी हात मागे बांधले, कुमुदताईंनी अर्धा खाल्लेला वडा ताटलीत ठेवला. हॉलमध्ये पन्नास माणसं गप्प बसली होती. आणि त्या शांततेत टीव्हीमधूनही अजान ऐकू येत होती.

सुरुवातीला ती एकच वाटली. मग दोन वेगळे आवाज आहेत हे कळलं. अल मजाजची मशीद आमच्या टॉवरच्या मागे आहे. एकोणीस वर्षं दिवसातून पाच वेळा मी तिथली अजान ऐकते आहे. म्हणजे ऐकत नाही. मी सूर्य मोजला, तापमान पाहिलं, दिव्याचं अंतर मिलिमीटरपर्यंत धरलं. बंद खिडकीतून आत येणाऱ्या त्या आवाजाची मला एकदाही आठवण झाली नाही.

पण आवाजापेक्षा शुभ्राकडे बघवत नव्हतं. तिनेही बोलणं थांबवलं होतं. इथे वाढलेली कोणतीही मुलगी थांबेल तशी, न ठरवता. मान खाली, हात मांडीवर. कुसैसची अजान संपली. टीव्हीतली अजून चालू होती. ती संपेपर्यंत शुभ्राने मान वर केली नाही. नंतर केली, आणि समोर पन्नास माणसं आपल्याकडे पाहत आहेत हे तिला दिसलं.

कोणीतरी खोकलं. कुमुदताई म्हणाल्या, "अगं बाई, तुझ्या त्या आयोवात मशीद आहे का?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. नुसतं कुतूहल होतं.

चारुदत्त लगेच हसले. म्हणाले, अहो मशीद कुठली, मोबाइलवर ॲप आहे. इथल्या वेळेची अजान लावून ठेवते, घरची आठवण येते ना. मग टीव्हीकडे वळून म्हणाले, "काय गं? ॲप ना?"

"हो बाबा," शुभ्रा म्हणाली.

हॉलमध्ये एक मऊ आवाज उठला. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मागून एक बाई म्हणाल्या, मुलगी कुठेही जावो, इथलीच राहते हो. कुमुदताईंनी पदराने डोळे टिपले. रुपेश हसला आणि त्याने माइक पुन्हा चालू केला. तो एकटाच चारुदत्तकडे पुन्हा पुन्हा पाहत होता, कारण तो आवाज मोबाइलचा नव्हता, एवढं यंत्रांतलं त्याला कळतं. पण तोही काही बोलणार नव्हता. मला दिसलं, की हे आता चालणार. यातून निभावलं तर कशातूनही निभावेल. नऊ जानेवारीला आम्ही तिला पहाटे, जिन्याने उतरवून, मास्क लावून विमानतळावर सोडू, आणि कोणालाच काही कळणार नाही. मग फेब्रुवारीत कधीतरी पुन्हा एखादी वही, मागचं पान. आणि तेव्हा ये म्हणायला फोन येईलच, असं नाही.

कुमुदताई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना सांगितलं, की ऋताचा फॉर्म आजच भरून टाकतो. शुभ्राताई आहे तिथे, मग मला कसली काळजी. ऋता टीव्हीकडे पाहत होती. तिच्या वहीत शेवटची ओळ इंग्रजीत होती, आणि तिने तिच्याखाली रेघ मारली होती.

मी उठले. मला माइक नको होता, तरी रुपेशने पुढे केला. चारुदत्तना वाटलं मी आभार मानणार आहे, आणि त्यांनी माझ्यासाठी जागा केली. मी माणसांकडे तोंड केलं नाही. टीव्हीकडे केलं. शुभ्रा कॅमेऱ्याकडे पाहत होती आणि तिचा डावा हात टेबलाखाली होता.

"शुभ्रा, हात वर घे," मी म्हटलं.

"छाया," चारुदत्त हळूच म्हणाले. "छाया, खलास, पुरे. बस खाली."

तिने हात वर घेतला. दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी माइक तोंडाजवळ धरला. गाडीत सिग्नलला जुळवलेलं ते वाक्य मला आठवेना, म्हणून जे होतं ते सांगितलं.

"कुमुदताई, शुभ्रा आयोवात नाही. ती अल मजाजला आमच्या घरी आहे, सत्तावीस ऑक्टोबरपासून. मी तिला परत पाठवणार नाही."